आलिस गी : पडद्यामागे राहिलेले नाव

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाने एक एकांकिका सादर केली. ती मी लिहिली होती. दिवाळीच्या सुटीत लिहायला घेतली आणि जानेवारीपर्यंत तिचे तीन खर्डे झाले. तालमीही मीच घेतल्या. शेवटचा तास संपल्यावर संध्याकाळी सातपर्यंत जिमखान्यामागच्या हॉलमध्ये आम्ही घसा कोरडा करीत असू आणि नंतर एस.टी. चुकू नये म्हणून मी धावत सुटत असे. प्रयोगाच्या दिवशी कार्यक्रमपत्रिका हातात पडली. तिच्यात लेखक-दिग्दर्शक म्हणून वर्गातल्या एका मित्राचे नाव होते आणि माझे नाव सर्वांत खाली, वेशभूषा साहाय्य या सदरात. छपाईत घोटाळा झाला असे मला सांगण्यात आले. झाला असेलही. पण टाळ्या पडत होत्या तेव्हा मी विंगेत साड्यांच्या घड्या घालत उभी होते, हे काही छपाईने बदलणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी रडवेल्या चेहऱ्याने मी मराठीच्या बाईंकडे गेले. बाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. सांत्वन मात्र केले नाही. त्यांनी मला फक्त एक नाव सांगितले आणि हिच्याविषयी वाचून ये, मग आपण बोलू, असे बजावून परत पाठवले. ते नाव होते आलिस गी. मी स्वतःला चित्रपटवेडी समजते. फाळके, शांताराम, चॅप्लिन, सत्यजित राय यांच्यावर घटकाभर बोलायला मला तयारी करावी लागत नाही. पण हे नाव मी कधी ऐकलेही नव्हते. जगातला पहिला कथापट ज्यांनी काढला त्या दोन-चार माणसांत जिची गणना होते, चित्रपटाची गोष्ट लिहिणारी आणि तो दिग्दर्शित करणारी जी पहिली स्त्री, तिचे नाव माझ्यापर्यंत पोहोचले नव्हते. ते का पोहोचले नाही, याचा शोध घेता घेता माझे वर्ष गेले. त्या शोधात जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवते.

आलिसचा जन्म १ जुलै १८७३ रोजी पॅरिसलगतच्या सँ-मांदे या गावी झाला. तिचे वडील एमिल गी यांची दक्षिण अमेरिकेतील चिली देशात पुस्तकांची दुकाने होती. आईही तिकडेच राहात असे. पण हे पाचवे मूल मायदेशात जन्मावे म्हणून ती बोटीचा लांबचा प्रवास करून फ्रान्सला आली. बाळंतपण आटोपून ती चिलीला परतली आणि आलिस स्वित्झर्लंडमध्ये आजोळी राहिली. तीन-चार वर्षांची झाल्यावर आई तिला न्यायला आली, तेव्हा आई म्हणजे तिला एक परकी बाईच होती. चिलीत गेल्यावर तिथल्या दाईच्या तोंडची स्पॅनिश ती शिकली. सहाव्या वर्षी पुन्हा फ्रान्स, आणि या वेळी जोगिणींच्या मठातली निवासी शाळा. लहानपणी मुळे कुठे रुजलीच नाहीत. पण वडिलांचे दुकान पुस्तकांचे असल्यामुळे गोष्टींची गोडी मात्र लहानपणीच लागली.

पुढे या कुटुंबावर एकामागून एक संकटे आली. भूकंप, आग, चोरी यांनी धंदा बुडाला. थोरला भाऊ गेला. १८९१ मध्ये वडीलही गेले. विधवा आई आणि अठरा वर्षांची मुलगी एवढेच घरात उरले. अशा वेळी त्या काळच्या मध्यमवर्गीय मुलीला बहुधा लग्न हाच मार्ग असे. आलिसने टंकलेखन आणि लघुलेखन शिकून घेतले. टंकलेखन यंत्र तेव्हा नवेच होते आणि त्यावर बसणाऱ्या मुलीही नव्याच. पहिली नोकरी वार्निशच्या कारखान्यात मिळाली. तिथून १८९४ मध्ये ती कॅमेरे आणि छायाचित्रणाचे साहित्य विकणाऱ्या एका पॅरिसच्या पेढीत गेली. मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांना ती फारच लहान वाटली. वय लहान असण्याचा दोष दिवसागणिक आपोआप कमी होतो, अशा अर्थाचे उत्तर तिने दिले आणि नोकरी मिळवली. ते गृहस्थ म्हणजे लेआँ गोमाँ. पुढच्याच वर्षी मालकांच्या कोर्टकज्ज्यांमुळे ती पेढी विकायला निघाली, गोमाँ यांनी काही धनिकांच्या साहाय्याने ती विकत घेतली. त्या भागीदारांत पॅरिसचा मनोरा उभारणारे गुस्ताव आयफेलही होते. अशा रीतीने एक टंकलेखिका, कुणाच्याही ध्यानीमनी नसताना, एका नव्या कलेच्या उंबरठ्यावर येऊन बसली.

२२ मार्च १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये निमंत्रितांसमोर आपल्या यंत्राचे प्रात्यक्षिक केले. गोमाँ तिथे गेले, बरोबर सेक्रेटरीलाही घेऊन गेले. कारखान्यातून कामगार बाहेर पडत आहेत एवढेच ते दृश्य. पाहणारे थक्क झाले ते चित्र हलते आहे म्हणून. आलिसच्या मनात निराळेच आले. चित्र हलते हे ठीक. पण कामगार कारखान्यातून बाहेर पडले किंवा गाडी स्टेशनात आली हे पाहून माणूस किती दिवस थक्क होणार? या हलत्या चित्रातून गोष्ट का सांगू नये? पुढे ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचीच चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. आपल्या लोकांनीही तेव्हा कामगार आणि आगगाडीच पाहिली.

गोमाँ यांचा विचार धंद्याचा होता. त्यांना यंत्रे विकायची होती. चित्रफिती म्हणजे यंत्र कसे चालते हे गिऱ्हाइकाला दाखवण्याचा नमुना. आलिसने धीर करून विचारले, मला एखाददुसरे नाटुकले लिहून मित्रमैत्रिणींकडून करवून घेता येईल का? गोमाँ यांना तो पोरखेळ वाटला. त्यांनी परवानगी दिली, पण एका अटीवर : ऑफिसच्या पत्रव्यवहारात खंड पडता कामा नये. जगातल्या पहिल्या दिग्दर्शिकेला मिळालेली परवानगी ती ही.

फ्रान्समध्ये मुलांना सांगतात की मुलगे कोबीच्या गड्ड्यात सापडतात आणि मुली गुलाबात. आपल्याकडे बाळ देवाघरून येते म्हणतात तशातलाच प्रकार. आलिसने हाच विषय घेतला. पंख्यांवर चित्रे काढणाऱ्या शेजारच्या एका कारागिराकडून पडदा रंगवून घेतला, सुताराकडून लाकडी कोबी कापून घेतले, पोशाख भाड्याने आणले, आणि मैत्रिणींना उभे करून 'कोबीची परी' हा चित्रपट काढला. त्याची लांबी जेमतेम एक मिनिट. एक हसरी परी कोबीच्या गड्ड्यांमधून रडणारी बाळे उचलून घेते, एवढीच गोष्ट. हे १८९६ मध्ये झाले असे तिने आयुष्यभर सांगितले. आज जी प्रत पाहायला मिळते ती १९०० च्या सुमारची असे काही अभ्यासक धरतात आणि त्यावरून वादही घालतात. मी ती प्रत पाहिली. परी बाळांना हाताळते ती इतकी सहज की पाहताना हसू येते, आणि मागचा पडदा रंगवलेला आहे हे पहिल्या क्षणापासून कळूनही काही बिघडत नाही.

ही चित्रे खपू लागली तसा पत्रव्यवहार मागे पडला आणि आलिस गोमाँच्या चित्रनिर्मितीची प्रमुख झाली. १९०७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे, या कंपनीचे बहुतेक सगळे कथापट तिच्या हाताखालून गेले. विषय सुचवणे, गोष्ट लिहिणे, नट निवडणे, पोशाख, नेपथ्य, चित्रण, सगळे तीच पाही. आनातोल तिबेर्व्हिल हा तिचा कॅमेरामन. आँरी मेनेसिए हा तिचा नेपथ्यकार. व्हिक्टोरँ जासे आणि लुई फेयाद ही फ्रेंच मूकपटाच्या इतिहासातली मोठी नावे. दोघेही तिच्या हाताखाली तयार झाले. फेयादला तिने आधी पटकथा लिहायला घेतले आणि पुढे स्वतःच्या जागेवर बसवण्याची शिफारसही तिनेच केली.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. बोलपट १९२७ नंतर आला असे आपण धरून चालतो. पण गोमाँ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ग्रामोफोनची तबकडी आणि चित्र एकत्र चालवणारे क्रोनोफोन नावाचे यंत्र बनवले होते. त्यासाठी आलिसने शंभराहून अधिक गायनपट काढले. पद्धत अशी की आधी गायकाचे गाणे तबकडीवर ध्वनिमुद्रित करायचे; मग ती तबकडी लावून तोच गायक कॅमेऱ्यासमोर ओठ हलवीत अभिनय करणार. आपल्या मराठी-हिंदी चित्रपटांत गाणे चित्रित करतात ते याच रीतीने. त्या वेळचे एक चित्रण टिकून आहे. त्यात लांब झग्यातली आलिस यंत्राशेजारी उभी राहून नटांना आणि नर्तकींना जागा समजावून देताना दिसते. आजूबाजूला टोप्या घातलेले पुरुष, आणि सगळ्यांचे लक्ष तिच्या हाताकडे.

तिच्या विनोदी चित्रांबद्दल थोडे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९०६ मधल्या 'बाईसाहेबांचे डोहाळे' या चित्रात एक गरोदर बाई नवऱ्याबरोबर फिरायला निघते. तिला दिसेल ते खावेसे वाटते. पोराच्या हातची मिठाईची कांडी, उपाहारगृहात बसलेल्या गृहस्थाचा मद्याचा पेला, भिकाऱ्याचा मासा, फेरीवाल्याचा पाइप, सगळ्यांवर ती झडप घालते. प्रत्येक वेळी कॅमेरा एकदम तिच्या चेहऱ्याजवळ जातो आणि चव घेताना तो चेहरा कसा फुलतो ते पडदाभर दिसते. मागे नवरा बाबागाडी ढकलीत, लोकांच्या शिव्या खात फिरतो. शेवटी बाळ जन्मते तेही कोबीच्या मळ्यात! नटाचा चेहरा असा जवळून दाखवण्याची कल्पना त्या काळी रुळलेली नव्हती. आलिसने ती चमत्कार म्हणून वापरली नाही. डोहाळ्यांची गंमत चेहऱ्यावरच कळणार, म्हणून वापरली.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका चित्रात तिने स्त्रीमुक्तीचे परिणाम दाखवले आहेत. पुरुष शिवणकाम करताहेत, इस्त्री करताहेत, मुले सांभाळताहेत. बायका उपाहारगृहात सिगारेट ओढीत बसल्या आहेत आणि रस्त्यात पुरुषांची छेड काढताहेत. शेवटी पुरुष बंड करून आपली जागा परत मिळवतात. वरवर पाहता हा चित्रपट स्त्रीमुक्तीची टिंगल करतो असे वाटेल. आमच्या वर्गात तो पाहिल्यावर मुलांनी तसा अर्थ काढलाही. पण मला वाटते, प्रेक्षकातल्या पुरुषाला त्यात स्वतःचीच रोजची वागणूक दुसऱ्याच्या अंगावर दिसते आणि ती कशी वाटते हे त्याच्या लक्षात येते. काहीही उपदेश न करता एवढे साधणे सोपे नाही.

त्याच १९०६ मध्ये तिने आपला सर्वांत मोठा फ्रेंच चित्रपट काढला, येशू ख्रिस्ताचे चरित्र. पंचवीस प्रवेश, सुमारे तीनशे माणसांचा जमाव, अर्ध्या तासाहून अधिक लांबी. चित्रकार तिसो यांनी पवित्र भूमीत हिंडून काढलेली बायबलची चित्रे तिने समोर ठेवली आणि मेनेसिएकडून त्या बरहुकूम नेपथ्य उभे करवले. जमाव हाताळायला जासे मदतीला होता. येशूभोवतीच्या स्त्रियांना या चित्रपटात जेवढी जागा मिळाली आहे तेवढी त्या विषयावरच्या त्या वेळच्या इतर चित्रांत क्वचितच दिसते.

हे नाव वाचताच मराठी वाचकाच्या मनात घंटा वाजली असेल. दादासाहेब फाळक्यांनी मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये १९१०-११ च्या सुमारास 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' पाहिला, आणि ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले, ही कथा आपण शाळेपासून ऐकतो. तो चित्रपट आलिस गीचा होता असे अनेक ठिकाणी लिहिले गेले आहे. तो पाथे कंपनीचा असावा असेही काही अभ्यासकांचे मत आहे. वाद मिटलेला नाही, आणि तो मिटवण्याचा माझा अधिकारही नाही. मला त्या वादाचे कारणच बोलके वाटते. त्या काळच्या चित्रपटांवर कंपनीचे नाव असे, करणाऱ्याचे नसे. पडद्यावर तिचे नाव असते तर वादाला जागाच राहिली नसती.

१९०६ मध्येच दक्षिण फ्रान्समध्ये चित्रण करताना तिबेर्व्हिलच्या जागी आलेल्या हर्बर्ट ब्लाशे या तरुणाशी तिची ओळख झाली. १९०७ मध्ये दोघांनी लग्न केले. गोमाँ यांनी हर्बर्टला क्रोनोफोनचा प्रसार करायला अमेरिकेला धाडायचे ठरवले आणि आलिसने आपल्या जागेचा राजीनामा दिला. दहा वर्षे उभारलेला विभाग सोडून ती नवऱ्यामागे परक्या देशात गेली. इंग्रजी तिला फारसे येत नव्हते. १९०८ मध्ये मुलगी सिमोन झाली. त्या काळच्या हिशोबाने इथे तिचे चरित्र संपायला हवे होते.

ते संपले नाही. न्यूयॉर्कजवळ फ्लशिंग इथे गोमाँचा स्टुडिओ बराच वेळ रिकामा पडून असे. ते तिला पाहवेना. १९१० मध्ये तिने सोलॅक्स नावाची स्वतःची कंपनी काढली आणि तो स्टुडिओ भाड्याने घेतला. धंदा इतका चालला की १९१२ मध्ये न्यूजर्सीतल्या फोर्ट ली या गावी तिने सुमारे एक लाख डॉलर खर्चून नवा स्टुडिओ बांधला. हॉलिवूडचा बोलबाला होण्यापूर्वी अमेरिकन चित्रपटांचे माहेर फोर्ट ली हेच होते. चित्रपट कंपनी काढून स्वतःचा स्टुडिओ बांधणारी ती पहिली स्त्री. त्या वर्षी तिचे दुसरे मूल तान्हे होते. सोलॅक्सने थोड्या वर्षांत तीनशेहून अधिक चित्रपट काढले.

त्या स्टुडिओत तिने एक मोठी पाटी लावली होती. नटांनी स्वाभाविक वागावे, एवढेच तिच्यावर लिहिलेले. मूकपटातला नट म्हणजे छाती पिटणार, डोळे फिरवणार, असे आपण समजतो. आलिसला ते नको होते. 'गळती पाने' हा तिचा १९१२ चा चित्रपट पाहा. मोठ्या बहिणीला क्षय झाला आहे. शेवटचे पान गळेल तेव्हा ती जाईल असे डॉक्टर आईला सांगतात आणि ते धाकटीच्या कानावर पडते. रात्री ती चिमुरडी झोपेतून उठते, दोऱ्याचे रीळ घेऊन बागेत जाते आणि गळलेली पाने एकेक करून झाडाला बांधू लागते. रस्त्याने जाणारा एक डॉक्टर तिला विचारतो, आणि त्याच्याजवळ नेमके त्या रोगाचे औषध असते. शेवट योगायोगाचा आहे हे मलाही कळते. पण पाने बांधताना ती मुलगी एकदाही कॅमेऱ्याकडे पाहात नाही, रडत नाही, हातातल्या कामात गढून गेलेली असते. ते दृश्य पाहून आमच्या एकांकिकेतल्या मुलांना मी किती ओरडायला लावले, याची मला लाज वाटली.

तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. १९१२ मध्ये तिने 'मूर्ख आणि त्याचा पैसा' हा चित्रपट काढला. गोऱ्या नटांनी काळ्या नटांबरोबर काम करायला नकार दिला, तेव्हा तिने संपूर्ण चित्रपट काळ्या नटांना घेऊनच केला. काळ्या नटांनीच भरलेला इतका जुना कथापट क्वचितच टिकला आहे. तरी त्या समाजाविषयीचे त्या काळचे ठोकळेबाज समज त्यात उतरले आहेत, हे आज पाहताना खटकते. मात्र स्त्रियांच्या कामाबाबत तिच्या मनात संदेह नव्हता. १९१४ मध्ये तिने एका अमेरिकन चित्रपट साप्ताहिकात लेख लिहून सांगितले की चित्रपटाच्या कलेत असे एकही अंग नाही जे स्त्रीला पुरुषाइतकेच सहज आत्मसात करता येणार नाही. ती हे लिहीत होती त्याच्या आदल्या वर्षी, ३ मे १९१३ रोजी, मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यात तारामतीचे काम साळुंके या पुरुष नटाला करावे लागले होते, कारण बाई मिळाली नव्हती. आपल्याकडे फातमा बेगम यांनी स्वतःचा चित्रपट दिग्दर्शित केला तो १९२६ मध्ये.

चढती कमान इथपर्यंत. पुढची उतरण मी थोडक्यात सांगते. १९१३ मध्ये सोलॅक्सची सूत्रे हर्बर्टकडे गेली. छोट्या चित्रांचा जमाना संपून लांब चित्रपट आले, भांडवल वाढले, वितरणावर मोठ्या कंपन्यांची पकड बसली, आणि धंदा हळूहळू कॅलिफोर्नियाकडे सरकला. महायुद्धाच्या काळात कोळशाची टंचाई झाली, तेव्हा फोर्ट लीचे स्टुडिओ थंडीत तापवणेही अवघड होऊन बसले. आलिस आता दुसऱ्यांच्या कंपन्यांसाठी चित्रे करू लागली. १९१८ मध्ये हर्बर्ट तिला आणि मुलांना मागे ठेवून हॉलिवूडला निघून गेला. इन्फ्लुएंझाच्या साथीत ती मरता मरता वाचली. १९२० मध्ये तिचा शेवटचा चित्रपट लागला. मग दिवाळे निघाले, स्टुडिओचा लिलाव झाला, आणि १९२२ मध्ये दोन मुलांना घेऊन ती फ्रान्सला परतली. तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची होती.

फ्रान्समध्ये तिला एकही चित्रपट मिळाला नाही. पंधरा वर्षांत सगळी माणसे बदलली होती. आपण काय केले आहे हे दाखवायला तिच्याजवळ एकही प्रत नव्हती. १९२७ मध्ये ती प्रती शोधायला पुन्हा अमेरिकेला गेली. वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात चौकशी केली. हाती काही लागले नाही. उमेदवारीच्या काळापासून सुमारे हजार लहानमोठे चित्रपट जिने केले, तिला त्यातला एकही मिळू नये! उपजीविकेसाठी ती मुलांच्या मासिकांत गोष्टी लिहू लागली, दुसऱ्यांच्या चित्रपटांच्या कथा लिहून देऊ लागली. पुढे मुलगी सिमोन अमेरिकन वकिलातीत नोकरीला लागली आणि तिची जिथे बदली होईल तिथे आई तिच्याबरोबर राहिली.

१९३० मध्ये गोमाँ कंपनीचा इतिहास प्रसिद्ध झाला. त्यात १९०७ पूर्वीच्या चित्रनिर्मितीचा उल्लेखच नव्हता. म्हणजे तिची सगळी वर्षे बरोब्बर वगळली गेली होती. तिने जुन्या मालकाला पत्र लिहिले. गोमाँ यांनी चूक मान्य केली, दुरुस्ती करायचे ठरवले. पण १९४६ मध्ये ते वारले आणि दुरुस्ती राहून गेली. मग इतिहासकारांची पाळी. जॉर्ज सादूल हे फ्रेंच चित्रपटाचे मोठे इतिहासकार. त्यांनी ख्रिस्तचरित्राचे श्रेय जासेला देऊन टाकले. जो जमावावर देखरेख करायला मदतीला होता, तो कर्ता झाला! यात कुणाचा दुष्टावा होता असे मला वाटत नाही. नाव लिहिलेले नव्हते, तेव्हा ज्याचे नाव आधीच ठाऊक होते त्याच्या खात्यावर ते जमा झाले. दुष्टाव्याशी भांडता तरी येते. सवयीशी कसे भांडायचे?

आलिस भांडत बसली नाही. ती टेबलाशी बसली. साठी उलटल्यावर तिने आठवेल तेवढ्या चित्रपटांची यादी करायला घेतली : नाव, साल, कोण नट, कोणी नेपथ्य केले. चुकीचे छापून आले की ती पत्राने दुरुस्ती कळवी. पुढे आत्मचरित्र लिहिले. त्याला तिच्या हयातीत प्रकाशक मिळाला नाही. वयाच्या ऐंशीच्या आसपास फ्रेंच सरकारने तिला लेजाँ दोनरचा सन्मान दिला, १९६० नंतर एखाददुसरा अभ्यासक तिच्या मुलाखतीला येऊ लागला. १९६४ मध्ये ती सिमोनबरोबर अमेरिकेला गेली आणि २४ मार्च १९६८ रोजी न्यूजर्सीतल्या एका शुश्रूषागृहात, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारली. तिथून तिचा जुना स्टुडिओ फार लांब नव्हता.

तिचे आत्मचरित्र १९७६ मध्ये फ्रान्समध्ये छापले गेले. त्यातल्या याद्या हाताशी धरून संशोधक निरनिराळ्या देशांच्या संग्रहांत हुडकू लागले, आणि हरवलेले चित्रपट सापडू लागले. आज सुमारे दीडशे उपलब्ध आहेत. २०१२ मध्ये तिच्या थडग्यावर नवा दगड बसला; पहिली चित्रपटकर्ती असा तिचा उल्लेख त्यावर आहे. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या उद्‌घाटनात दहा फ्रेंच स्त्रियांचे सोनेरी पुतळे सेन नदीच्या काठी उभे राहिले, त्यांतला एक तिचा होता. ज्या शहरात तिला १९२२ नंतर एक काम मिळाले नाही, त्याच शहरात!

हे सगळे घेऊन मी बाईंकडे परत गेले. मनात एक भाषणच तयार होते : आलिसवर जो अन्याय झाला तोच माझ्यावर. बाईंनी ऐकून घेतले आणि मग विचारले, तुमच्या एकांकिकेत प्रॉम्प्टिंग कोणी केले? पडदा कोण ओढत होते? सातपर्यंत हॉल उघडा ठेवून कोण बसत होते? मला उत्तरे ठाऊक होती. प्रॉम्प्टिंग प्रथम वर्षातल्या एका मुलीने केले होते, आणि एकदाही चुकली नव्हती. पडद्यावर दोन मुले होती. हॉलच्या किल्ल्या घेऊन आमचे शिपाईमामा रोज घरी उशिरा जात होते. यांपैकी एकाचेही नाव पत्रिकेत नव्हते, आणि ते नाही हे माझ्या इतके दिवस ध्यानातही आले नव्हते. बाईंनी मग सरस्वतीबाई फाळक्यांची आठवण दिली. फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे त्यांनी केली, शिवाय साठसत्तर माणसांचा स्वयंपाक. 'राजा हरिश्चंद्र'चा इतिहास सांगताना त्यांचे नाव आपण किती वेळा घेतो?

मला उत्तर सुचले नाही. त्या दिवसापर्यंत मला वाटे, नावाचा आग्रह धरणे म्हणजे मोठेपणाचा हव्यास. आता तसे वाटत नाही. नाव ही नोंद आहे. ती नसली की पुढच्या पिढीतली मुलगी समजते, आपल्या आधी कोणी हे केलेच नाही. आणि नोंद करायची तर ती सगळ्यांची करायला हवी.

ग्रंथालयात आपल्या स्नेहसंमेलनांच्या पत्रिकांची एक फाईल असते. ग्रंथपालांच्या परवानगीने मी गेल्या वर्षीच्या पत्रिकेला एक कागद जोडला आहे. त्यावर एकांकिकेत काम करणाऱ्या सर्व सतरा जणांची नावे आणि त्यांची कामे लिहिली आहेत. ज्या मित्राचे नाव चुकून माझ्या जागी छापले गेले, त्यानेही त्यावर सही केली आहे. त्याने नेपथ्य फार चांगले केले होते, आणि पत्रिकेत तेही छापायचे राहून गेले होते.